मुलकोवाल दुर्घटना आणि संशोधननीती : हाफकिन प्रकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संशोधननीतीचा विचार करताना प्राणी व मानव यांच्यावरील प्रयोगांची चर्चा प्रामुख्याने होते. संशोधकावरील आरोपाची चौकशी कशी व्हावी, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहतो. वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगलसीचा इतिहास या दोन्ही अंगांनी अभ्यसनीय आहे.

लसीची निर्मिती व चाचणी :
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवल्यावर सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली. प्रथम सशांवर तिची परीक्षा झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगात साथ शिरली असता पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण कमी आढळले. मानवी प्रयोगास प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा, हे तत्त्व पुढे १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत नमूद झाले. तथापि, त्याच संहितेने अग्रक्रम दिलेल्या स्वेच्छासंमतीच्या कसोटीवर कैद्यांचा होकार कितपत मुक्त होता, ही शंका उरतेच.

दुर्घटना व चौकशी :
३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ व्यक्तींना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते सर्व मृत्यू पावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना अपाय झाला नाही. सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने बाटली मुंबईतील प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. लसनिर्मितीत कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर विसंबण्याच्या नव्या पद्धतीवरही ठपका आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पुराव्याचे पुनर्मूल्यांकन :
मुलकोवाल येथे बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न तापवताच वापरण्यात आला होता. शिवाय बाटली भरल्यानंतर ४१ दिवसांनी उघडली गेली. दूषण मूळचे असते तर एवढ्या काळात लसीस दुर्गंधी आली असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह १० शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधील पत्राद्वारे हा अन्याय निदर्शनास आणला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले व पुढे कलकत्त्यास रुजू झाले. १९२५ मध्ये परळ येथील प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.

समारोप :
१९ व्यक्तींच्या मृत्यूची चौकशी होणे अपरिहार्यच होते. दोष चौकशीचा नसून तिच्या पद्धतीचा होता. उपलब्ध पुराव्याचा सर्व बाजूंनी विचार न करता निष्कर्ष काढल्यास निरपराध संशोधकावर अन्याय होतो आणि दुर्घटनेचे खरे कारणही झाकले जाते. प्रयोगशाळेत पुराव्याची जी शिस्त अपेक्षित असते, तीच चौकशीतही पाळली गेली पाहिजे, हाच या प्रकरणाचा बोध होय.