वस्तादाची नजर किती जणांना पुरते?

मागच्या व्याख्यानानंतर कठडा धरून जिना उतरताना एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "सर, गुडघ्यासाठी व्यायाम सुरू करायचाय. घरी एकट्यासाठी ट्रेनर बोलावू, की सात-आठ जणांच्या बॅचला जाऊ?" तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे विचारणं म्हणजे धाडसच. पण प्रश्न पुण्यात जुना आहे, म्हणून आज तोच घेऊ.

आपल्या पेठांतल्या तालमी आठवा. शुक्रवारातली चिंचेची तालीम १७८३ सालची. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम. तरुण जोतिराव फुले तिथे शिकले. तालमीत जोर-बैठका सगळ्यांच्या बरोबर, हौद्यातली माती खणायची तीही सगळ्यांनी. पण कुस्तीला जोड लागते. एकट्याने डाव शिकता येत नाही, आणि रांगेत उभं राहूनही येत नाही. वस्ताद कडेला उभा राहून एका जोडीकडे बघतो, एकाला म्हणतो "पाय मागे घे", दुसऱ्याला भलतंच काही सांगतो. जागा समूहाची, शिकवणं एकेकाचं.

वाड्यावरची तऱ्हा निराळी. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन त्यांच्या नावावर आहे. त्याभोवतीच्या दंतकथा आज बाजूला ठेवू. पण गंमत बघा, पेशव्याच्या पदरच्या माणसाची विद्या पुढे गल्लीतल्या आखाड्यांची आणि शाळांची झाली.

आता जरा थांबू ते बी. के. एस. अय्यंगार यांच्यापाशी. १९३७ साली, वय अवघं अठरा, गुरू कृष्णम्माचार्यांनी त्यांना डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला धाडलं. लहानपण आजारपणात गेलेलं, मराठी धड येत नाही, आणि समोरच्या विद्यार्थ्यांत वयाने मोठे लोक. ते सहा महिने जन्मभर पुरले! १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले, ती शिकवणी एकट्याची. नंतर लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीचे सामूहिक वर्ग निघाले. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली, आणि तिथल्या उपचार-वर्गात आपल्या प्रश्नाचं तिसरंच उत्तर दिसतं. हॉल एक, वेळ एक, पण प्रत्येक रुग्णाची आसनं वेगळी. कुणी दोरीवर, कुणी विटेवर हात टेकून, कुणी लोडावर पाठ टाकून. शिक्षक आणि मदतनीस फिरत असतात.

ॲरिस्टॉटल (त्याच्याशिवाय आमचं व्याख्यान संपत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे) आपल्या नीतिशास्त्राच्या शेवटी म्हणतो की मुष्टियुद्ध शिकवणारा सगळ्यांना एकच पद्धत लावत नाही. वैयक्तिक शिक्षण जास्त अचूक. एवढंच लोक सांगतात. पण लगेच पुढे तो म्हणतो, एकाची उत्तम काळजी तोच घेईल ज्याला सर्वसामान्य नियम ठाऊक आहे. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो, की शेकडो गुडघे पाहिलेल्यालाच तुमचा गुडघा कळतो. अय्यंगारांची नजर वर्गांतच घडली.

आमचंही सांगतो. गुडघा कुरकुरू लागल्यावर घरी एक मुलगा येई. सालस पोरगा, पण नजर मोबाईलवर. आम्ही दहा म्हणालो की तोही दहा म्हणे. पैसे एकट्याचे मोजले, पाहिलं मात्र कुणीच नाही. मग चाळीस जणांच्या वर्गात गेलो, तिथे तर आम्ही गर्दीत हरवलोच. शेवटी सात जणांची बॅच मिळाली. तिसऱ्या दिवशी बाईंनी थांबवलं, "सर, तुम्ही डाव्या पायावर वजन टाकतच नाही." आमच्या सौभाग्यवती हे वर्षभर सांगत होत्या, ते सोडा.

तर बॅच लावण्याआधी एक दिवस कोपऱ्यात बसून बघा. तासाभरात शिक्षक किती जणांना नाव घेऊन, वेगवेगळं सांगतो, ते मोजा. घरी येणाऱ्यालाही हीच कसोटी: आज तुमच्यासाठी त्याने काय बदललं?

जिन्यावरच्या त्या गृहस्थांना आम्ही उलट विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" म्हणाले, दोनच महिन्यांपूर्वी. मग आधी फिजिओथेरपिस्टकडे, एकट्याने. बॅच नंतर, डॉक्टरांना विचारून. आज ते तिसऱ्या रांगेत बसलेत. कठडा सोडलेला नाही अजून, पण लिफ्ट असून जिन्याने आलेत.