खळ्यावरचा सहावा वाटा

मळणी आटोपली की गोव्यातल्या पेडण्यात नि डिचोलीत खळ्यावर भाताची रास लागे. कुळाचं अख्खं घर तिच्याकडे डोळे लावून बसे, पण तिला पहिला हात लागायचा तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माणसाचा. तो कुडवाने भात मापून खंड वेगळा काढी. उरल्यातून बियाणं राखायचं, आणि मग जे राहील त्यावर पुढच्या पिकापर्यंत पेज शिजायची. कित्येक शेतांत अर्ध्या वाट्याची रीत होती. त्यात खंड वाढला तर कुळाने दाद मागायची कुठे? हातात कागद नव्हता.

त्यात पुन्हा घराची धास्ती. मुंडकाराने मातीच्या भिंती स्वतः घातलेल्या असत, जमीन मात्र भाटकाराची. खंडाबद्दल ब्र काढला तर छप्पर जाईल, या भीतीनेच पिढ्यानपिढ्या तोंडं बंद राहिली.

तेरेखोल नदीच्या पलीकडे चित्र वेगळं होतं. १७८८ पर्यंत पेडणे सावंतवाडीकरांकडेच होतं. मग ते पोर्तुगीजांकडे गेलं आणि एकाच मुलखाचे दोन कायदे झाले. सावंतवाडीकडच्या कुळांसाठी १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारा मालक मानला गेला. किरणपाणीच्या तरीने आरोंद्याला जाऊन येणाऱ्या पेडणेकराला हे कळत नसेल, असं कसं म्हणावं?

गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते जन्माने पेडण्याचे. ‘कसेल त्याची जमीन’ हे नुसतं घोषवाक्य राहिलं नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडाला उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याची मर्यादा घातली. अर्ध्यावरून सहाव्यावर! खळ्यावरच्या राशीत हा फरक कुणालाही दिसण्याजोगा होता.

शशिकला काकोडकरांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा झाला. पंचायत भागात घरासह ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क त्याने दिला. कूळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला मालक मानलं. भाटकार न्यायालयात गेले, आणि अखेर १९८४ च्या घटनादुरुस्तीने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला.

तरी सगळं अडलं ते नावापाशी. जमिनीच्या ‘एक-चौदा’च्या उताऱ्यात कुळाच्या रकान्यात नाव लागलं तर हक्क, नाही तर साक्षीदार शोधत मामलेदाराकडे हेलपाटे. खंड घेऊन पावती न देणारा भाटकार कुळाचं किती नुकसान करत होता, हे तेव्हा समजलं. ज्या आजीने खंडाच्या जीर्ण पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत जपल्या, तिने घरासाठी शेतच राखून ठेवलं म्हणायचं.

जानेवारी २०२३ मध्ये पेडण्यातल्या मोपच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. पेडण्यातल्या जमिनीवर आता साऱ्यांचीच नजर आहे, आणि त्या ट्रंका पुन्हा उघडल्या जात आहेत.