सात पासपोर्ट आणि एक थंड हवेचं गाव

‘परदेशात मुलांच्या उन्हाळी शिबिरात इंग्रजी शिकवा’ अशी जाहिरात कधी ना कधी तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. हिरवं मैदान, रंगीत टी-शर्ट घातलेली मुलं, गळ्यात शिट्टी अडकवलेला हसरा ट्यूटर. सकाळी वर्ग, दुपारी खेळ, रात्री नाटुकली, राहणं-जेवण शिबिराकडे. पदवीनंतरचा उन्हाळा घालवायला याहून बरं काय असणार? मग खाली पात्रता येते. जाहिरात दक्षिण कोरियातली असेल, तर तिथे बहुतेक सात देशांची नावं दिसतात : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कसं आहे हा प्रश्न नंतरचा. परकीय भाषा शिकवण्यासाठी कोरिया जो ‘ई-२’ व्हिसा देतो, तो इंग्रजीसाठी मुळात या सात देशांच्या पासपोर्टवर मिळतो.

यादीत भारत नाही. फिलिपिन्सही नाही, आणि खरी गोम तिथे आहे. कारण सुट्टी लागली की हजारो कोरियन मुलं इंग्रजी शिकायला विमानाने चार तासांवरच्या फिलिपिन्सलाच जातात. तिथे त्यांना शिकवतात फिलिपिनो ट्यूटर. तीच ताई सोलला जाऊन तेच धडे द्यायला निघाली, तर तिचा पासपोर्ट चालत नाही. एकाच भाषेला एका देशात मान्यता आणि दुसऱ्यात नाही, हे कसं? याचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

मुलांना उन्हाळ्यात शहराबाहेर नेऊन तंबूत ठेवायचं ही कल्पना अमेरिकन. कनेक्टिकटमधल्या वॉशिंग्टन गावात फ्रेडरिक गन आणि अ‍ॅबिगेल गन हे जोडपं शाळा चालवायचं. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं आणि शाळेतल्या पोरांना सैनिकांसारखं कूच करायची, तंबूत झोपायची हौस आली. गन दांपत्य त्यांना चालवत समुद्रकाठी घेऊन गेलं. होड्या, मासेमारी, शेकोटी असे दोन आठवडे गेले. अमेरिकेतल्या समर कॅम्पचा इतिहास सहसा इथून सांगतात. ठीक शंभर वर्षांनी, १९६१मध्ये, मिनेसोटातल्या कॉनकॉर्डिया कॉलेजने या साच्यात भाषा ओतली. जर्मन भाषेचं शिबिर भरवलं, आणि त्यातून ‘भाषेची गावं’ उभी राहिली. मुलाने गावात शिरताना नवं नाव घ्यायचं, त्या देशाचे पैसे वापरायचे, जेवणही त्याच भाषेत मागायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे कोरियात ती पुन्हा भेटते.

पण परक्या देशात जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण ट्यूटरची गोष्ट याआधीच सुरू झाली होती, आणि तिची सुरुवात युद्धातून झाली. १८९८मध्ये अमेरिकेने स्पेनकडून फिलिपिन्स बेटं घेतली. फिलिपिनो लोकांना स्वातंत्र्य हवं होतं, म्हणून १८९९पासून त्यांची अमेरिकेशीच लढाई जुंपली. लढाई चालू असतानाच सैनिक गावोगाव शाळा उघडून इंग्रजीची मुळाक्षरं गिरवून घेत होते. जानेवारी १९०१मध्ये कायदा झाला : सरकारी शाळा, फुकट शिक्षण, माध्यम इंग्रजी. त्याच वर्षी २३ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोहून ‘थॉमस’ नावाचं लष्करी जहाज सुटलं. त्यात सैनिक नव्हते, सुमारे पाचशे शिक्षक होते. २१ ऑगस्टला जहाज मनिलाच्या खाडीत पोहोचलं. जहाजाच्या नावावरून या मंडळींना ‘थॉमसाइट्स’ हे नाव पडलं ते कायमचं.

त्यांच्यात नुकतेच पदवीधर झालेले बरेच होते. पगार महिना १२५ डॉलर, वर प्रवास आणि साहस. आजच्या जाहिरातीतल्या तरुणांपेक्षा ते फार वेगळे नसावेत. मात्र त्यांना ज्या गावांत पाठवलं, तिथली मुलं इलोकानो, सेबुआनो, टागालोग अशा निरनिराळ्या भाषा बोलायची. शिक्षकाला त्यातली एकही येत नसे. पुस्तकं अमेरिकेची, त्यात सफरचंद आणि बर्फ. १९०२मध्ये कॉलऱ्याची साथ आली, आणि पहिल्या दोन वर्षांतच यातले काही शिक्षक आजारपणाने दगावले.

तिथली उन्हाळ्याची सुट्टी आपल्यासारखीच, एप्रिल-मेची. त्या सुट्टीत जिल्ह्या-जिल्ह्यात फिलिपिनो शिक्षकांची शिबिरं भरायची, आणि त्यांना इंग्रजी शिकवायला हेच अमेरिकन असायचे. उन्हाने आणि कामाने ते पिचून जायचे. इंग्रजांना सिमला आणि महाबळेश्वर होतं, तसं अमेरिकनांनी लुझॉन बेटावर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचं बागिओ वसवलं होतं. शहराचा आराखडा शिकागोचे वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम यांचा. (ती कुरणं मुळात इबालोई लोकांची. मातेओ कारिन्यो हे इबालोई गृहस्थ आपल्या जमिनीसाठी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०९ साली खटला जिंकले. तो निकाल आदिवासींच्या जमीनहक्कांच्या संदर्भात आजही उद्धृत होतो. हा एक वेगळ्या लेखाचा विषय आहे.) याच बागिओत एप्रिल १९०८मध्ये पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकून शिक्षकांचं सुट्टीतलं शिबिर भरलं. व्याख्यानं, खेळ, डोंगरातल्या फेऱ्या. पुढे तंबूंच्या जागी पक्क्या इमारती आल्या. ‘टीचर्स कॅम्प’ ही जागा बागिओत आजही आहे आणि तिथे आजही शिक्षकांची प्रशिक्षणं होतात. फक्त शिक्षक आता फिलिपिनो आहेत.

हा बदल फार लवकर झाला. १९२७पर्यंत सरकारी शाळांतल्या सुमारे २६ हजार शिक्षकांमध्ये अमेरिकन तीनशेच्या आसपास उरले होते. म्हणजे एका पिढीतच फिलिपिनो शिक्षक फिलिपिनो मुलांना इंग्रजीतून शिकवू लागले होते, अमेरिकनांच्या मानाने कितीतरी कमी पगारावर. याची किंमत काय होती? १९२५मध्ये पॉल मन्रो यांच्या समितीने शाळांची पाहणी केली, तेव्हा परक्या भाषेचा भार हा मुलांपुढचा मोठा अडथळा असल्याचं तिने नोंदवलं. तरी माध्यम बदललं नाही. मातृभाषेत बोललं तर दंड, ही शिस्त तिथल्या कैक शाळांनी पाळली. इंग्रजी शाळेत मराठी बोलल्याबद्दल ज्यांनी दंड भरला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इतिहासकार रेनातो कॉन्स्टान्टिनो यांनी पुढे एका गाजलेल्या निबंधात या शिक्षणाला सरळ ‘कुशिक्षण’ म्हटलं. त्यांचं म्हणणं कठोर आहे, पण मला ते पटतं. फक्त त्या शिक्षणातून पुढे कोणाची रोजीरोटी निघणार आहे, हे त्यांनी तो निबंध लिहिला तेव्हा दिसत नव्हतं.

आता कोरिया. १९९७मध्ये कोरियाने प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस आर्थिक संकट आलं, नोकऱ्या गेल्या, आणि ‘इंग्रजी येत असेल तरच निभाव’ ही भीती घराघरांत शिरली. ज्यांना परवडत होतं, त्यांनी मुलांना आईसोबत अमेरिका-कॅनडाला पाठवलं. वडील मागे राहून पैसे पाठवायचे. अशा बापांना तिथे ‘गिरोगी आप्पा’ म्हणतात, म्हणजे रानहंस बाबा. स्थलांतरी पक्ष्यासारखे वर्षातून एकदा उडत जाऊन मुलांना भेटणारे. हा पैसा देशातच राहावा म्हणून ग्योंगी प्रांताने ‘इंग्रजी गावं’ उभारली : २००४मध्ये आन्सानला, २००६मध्ये पाजूला. पाजूच्या गावात शिरताना मुलांनी इमिग्रेशनच्या खिडकीशी थांबायचं, पासपोर्ट दाखवायचा. आत बँक, पोस्ट, पोलीस चौकी, आणि खिडकीपलीकडे बसलेले गोरे ट्यूटर. आपल्याच देशात खोट्या सीमेवर परदेशी व्हायचं! चक्रावून टाकणारी गोष्ट आहे, पण मुलांना मजा यायची. प्रांताच्या तिजोरीला मात्र हा खर्च जड गेला.

उच्चारांचं वेड किती होतं, याचा एक किस्सा कोरियात सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २००८मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सत्तांतर समितीच्या प्रमुख ली क्योंग-सुक जाहीर बैठकीत म्हणाल्या की, आपण ‘ओरेंजी’ लिहितो-बोलतो ते अमेरिकेत कुणाला कळत नाही, ‘ओरिन्जी’सारखं म्हणावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून देशभर त्यावर विनोद.

ज्यांना अमेरिका परवडत नव्हती, त्यांच्यासाठी फिलिपिन्स होतं. बागिओ, सेबू, क्लार्क इथे कोरियन मालकांच्या इंग्रजी अकादम्या निघाल्या आणि सुट्टीत तिथे लहान मुलांची शिबिरं भरू लागली. कोरियन शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीस सुरू होते. तेव्हा बागिओत काय असतं? धो धो पाऊस. १९११च्या जुलैत याच गावात चोवीस तासांत ११६८ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे. त्यामुळे जाहिरातीतल्या हिरव्या मैदानापेक्षा इथलं ‘उन्हाळी शिबिर’ बरंचसं छपराखाली होतं, आणि ते छप्पर म्हणजे टेलिफोन बूथएवढ्या खोल्यांची रांग. एका खोलीत एक मूल, एक ट्यूटर. याला तिथे ‘मॅन-टू-मॅन’ म्हणतात, शिकवणाऱ्या बहुतेक बायका असल्या तरी. काही अकादम्या स्वतःला अभिमानाने ‘स्पार्टा’ पद्धतीच्या म्हणवतात : आठवडाभर आवाराबाहेर पाऊल नाही, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नाही, नियम मोडला तर शिक्षा.

ट्यूटर कोण असतात? शिक्षणशास्त्र, इंग्रजी, नर्सिंग असं काही ना काही शिकलेल्या पदवीधर. दिवसभर एकामागून एक मूल समोर येऊन बसतं. चुकलेलं वाक्य न रागावता पुन्हा म्हणवून घ्यायचं, घरची आठवण येऊन रडणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराला आधी हसवायचं आणि मग भूतकाळ शिकवायचा. ही चिकाटी त्यांच्यात असते याचं एक साधं कारण आहे : ही भाषा त्या स्वतः शाळेत घाम गाळून शिकलेल्या असतात, कुठे अडखळायला होतं हे त्यांना माहीत असतं. तरीही अनेक अकादम्यांच्या दरपत्रकात ‘नेटिव्ह’ शिक्षकाचा तास वेगळा असतो, आणि तो जास्त महाग असतो.

हा ‘नेटिव्ह’ नेमका कोण, हे अभ्यासकांनी कधीच विचारून झालंय. भारतात जन्मलेले, कॅनडात स्थायिक झालेले कोशकार थॉमस पायकडे यांनी १९८५मध्ये पुस्तकच काढलं, ज्याच्या नावातच ‘नेटिव्ह स्पीकर’ मेल्याची घोषणा होती. १९९२मध्ये रॉबर्ट फिलिपसन यांनी, आदर्श शिक्षक नेटिव्हच असतो ही समजूत वसाहतीच्या काळातून आलेला भ्रम असल्याचं मांडलं. विद्यापीठांत ही पुस्तकं वाचली जातात. व्हिसाच्या खिडकीवर यादी सातच देशांची असते.

यादीला पडलेली एक फट मात्र थेट आपल्याशी संबंधित आहे. ऑगस्ट २००९मध्ये भारत आणि दक्षिण कोरियाने सर्वसमावेशक आर्थिक भागीदारीचा करार केला. १ जानेवारी २०१०पासून तो लागू झाला. गाड्या, पोलाद, रसायनं यांवरच्या शुल्काच्या लांबलचक तरतुदींसोबत त्यात इंग्रजी शिक्षकांनाही जागा मिळाली : पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयांना कोरियाच्या शाळांत काम करता येईल. सात देशांच्या पदवीधराकडून शिक्षकाच्या परवान्याची सरसकट अपेक्षा नाही, भारतीयाकडून आहे. पदाचं नाव ‘सहायक’ शिक्षक. आणि ही सवलत शाळांपुरती आहे. खासगी क्लास आणि त्यांची शिबिरं तिच्यात येत नाहीत.