बारा नावे आणि एक मैदान

ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरातल्या वास्को द गामा या क्लबचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी शहराच्या नव्या फुटबॉल संघटनेला एक पत्र पाठविले. पत्र लहानसेच आहे. त्याचा आशय असा: आमच्या संघातील बारा खेळाडूंना वगळावे अशी आपली अट आहे, ही माणसे तरुण आहेत, त्यांच्या खेळाची आता कुठे सुरुवात आहे, ज्या घराने त्यांना आपले म्हटले त्याच घराच्या सहीने त्यांच्या नावाला बट्टा लागावा हे आम्हांला मान्य नाही, सबब आपल्या संघटनेत येण्याचा विचार आम्ही सोडून देत आहोत.

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आपण पुष्कळ वापरला आहे. तो बहुधा एकट्या माणसाचा, कवीचा नकार असतो. संस्था सहसा नकार देत नाही. संस्थेला जागा हवी असते, मान्यता हवी असते, सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न हवे असते. म्हणून हे पत्र मला महत्त्वाचे वाटते. क्लब आणि त्याच्यासाठी घसा फोडणारी माणसे यांचे नाते कशाने घट्ट होते, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. मी एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवितो. दर उन्हाळ्यात तेथे क्रिकेटचे सामने भरतात. आमच्या वस्तीतली पोरे एका पुढाऱ्याच्या नावाच्या संघातून खेळतात. टी-शर्टवर फोटो त्याचा, चषक जातो तोही त्याच्याच कचेरीत. आदल्या दिवशी हलगी वाजवून मैदान दणाणून सोडणारी वस्ती दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरची चौकशी करायला त्याच कचेरीवर गेली, की तिला पायरीखाली उभे राहावे लागते. खेळणारे आमचे, ओरडणारे आमचे. मग संघ कोणाचा?

वास्को द गामा हे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ते रास्त आहे. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेला तोच हा दर्यावर्दी. गोव्यातले एक शहर आजही त्याचे नाव वागविते. त्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून रिओतील पोर्तुगीज वस्तीच्या काही तरुणांनी २१ ऑगस्ट १८९८ रोजी हा क्लब काढला. तेव्हा तो फुटबॉलचा नव्हता, वल्हवण्याच्या शर्यतींचा होता. नाव जेत्याचे, पण क्लब काढणारे जेते नव्हते. त्या शहरात पोर्तुगीज म्हणजे किराणा दुकानदार, बेकरीवाला, गोदीतला कारकून. वरच्या थरातील ब्राझिलियन त्यांची चेष्टा करीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने बंद केली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडांतील सर्व देशांच्या शेवटी. म्हणजे क्लब निघाला तेव्हा त्या घटनेला जेमतेम दहा वर्षे झाली होती. रिओच्या रस्त्यावर चालणारा चाळिशीचा काळा माणूस बहुधा एके काळी कोणाची तरी मालमत्ता होता. अशा शहरात या क्लबने १९०४ मध्ये कांदिदो जोझे दि अराउजो या मिश्रवर्णी गृहस्थांना अध्यक्ष निवडले. प्रेस्तेस यांच्या पत्रामागे निदान वीस वर्षांची ही एक सवय होती.

फुटबॉल मात्र तोवर साहेबी खेळ होता. फ्लुमिनेन्ससारख्या क्लबांत मोठ्या घरची मुले खेळत आणि स्त्रिया टोप्या घालून सज्जातून पाहत. पोर्तुगीज भाषेत समर्थकाला 'तोर्सेदोर' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पिळणारा, पीळ देणारा. सामना रंगात आला की त्या स्त्रिया हातातले रुमाल पिळीत, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. खरे असो वा नसो, पण आतड्याला पीळ पडणे हे समर्थकाचे खरे लक्षण आहे आणि ते सज्जापुरते मर्यादित राहणारे नव्हते. बांगू या कापडगिरणीच्या क्लबात १९०५ मध्येच एक काळा कामगार खेळत होता. १९०७ साली शहराच्या संघटनेने 'रंगाच्या माणसांची' नोंदणी करायची नाही असे ठरविले, तेव्हा बांगू बाहेर पडला. भिंत अशी आधीपासून उभी होती. प्रेस्तेस यांच्या काळात ती फक्त नव्याने रंगविली गेली.

वास्कोने फुटबॉल सुरू केला १९१५ मध्ये आणि खालच्या श्रेणीतून चढत तो १९२३ साली पहिल्या श्रेणीत आला. संघात काळे, मिश्रवर्णी आणि गरीब गोरे होते. गोलरक्षक नेल्सन दा कोन्सेसाव टॅक्सी चालवीत असे; कोणी रंगारी, कोणी गोदीत हमाल. अंगात काळे सदरे. या संघाने त्या वर्षी चौदा सामन्यांपैकी अकरा जिंकले, दोन बरोबरीत सोडविले, एक फ्लामेंगोविरुद्ध गमावला, आणि वर आल्याच्या पहिल्याच वर्षी शहराचे अजिंक्यपद घेतले. त्यांच्या सामन्यांना उपनगरांतून माणसे लोटू लागली. ज्यांना फुटबॉलच्या सज्जात कधी जागा नव्हती, त्यांना मैदानाच्या मधोमध आपल्यासारखा माणूस दिसत होता.

प्रस्थापितांना हे कसे सोसावे? १ मार्च १९२४ रोजी फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोताफोगो आदी क्लबांनी जुनी संघटना सोडून नवी काढली. संस्थापकांत बांगूही होता. काल ज्याला बाहेर ठेवले, त्याला आज आत एक खुर्ची दिली की तो दार लावायला मदत करतो. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

नव्या संघटनेच्या नियमांत रंगाचा शब्द कोठेही नव्हता. खेळाडू हौशी असावा, त्याचा रोजगार 'प्रतिष्ठित' असावा, त्याला स्वतःचे नाव लिहिता यावे, आणि क्लबला स्वतःचे योग्य मैदान असावे. वाचताना किती निरुपद्रवी वाटते! चौकशी मंडळाने खेळाडूंचे धंदे तपासले आणि वास्कोची बारा नावे काढून टाकायला सांगितली.

येथे दुसरी बाजू लपविणे इतिहासाला शोभणार नाही. वास्कोचे खेळाडू पूर्णपणे हौशी नव्हते. पोर्तुगीज व्यापारी त्यांना आपल्या दुकानांत कागदोपत्री नोकरीला लावीत आणि सामना जिंकला की बक्षिसी देत. या बक्षिसीला 'बिशो' म्हणजे जनावर म्हणत, कारण रकमांना तेथल्या मटक्यातल्या प्राण्यांची नावे दिलेली असत. ब्राझीलमध्ये जिंकल्याच्या बक्षिसीला आजही हाच शब्द आहे. या प्रकरणाची प्रसिद्ध हकीकत मारिओ फिल्यो या पत्रकाराने १९४७ मध्ये ब्राझिलियन फुटबॉलमधील काळ्या माणसावरच्या आपल्या पुस्तकात लिहिली. पुढच्या काही अभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतला, की भांडण हौशीपणाचे होते, वर्णाचे रूप त्याला नंतर चढविले. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. ज्याच्या बापाकडे कॉफीचे मळे आहेत त्याला हौशी राहणे सोपे असते. टॅक्सी चालविणाऱ्याचा सरावाचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. हौशीपणाची अट हीच वर्गाची आणि वर्णाची चाळण होती.

सहीच्या अटीपाशी मी थांबलो. मारिओ फिल्यो सांगतात, की वास्कोच्या मंडळींनी निरक्षर खेळाडूंना सामन्याआधीच्या नोंदवहीत नाव लिहिता यावे म्हणून अक्षरे गिरवायला बसविले आणि अवघड आडनावाच्या एकाला सोपे आडनाव घ्यायला लावले. माझे वडील रोजगार हमीच्या मस्टरवर अंगठा उठवीत. मी चौथीत असताना एका रात्री त्यांनी माझ्या पाटीवर स्वतःचे नाव पाचपंचवीस वेळा काढले, आणि पुढच्या आठवड्याच्या पगाराला सही केली. मुकादम हसला, म्हणून सांगत. त्यामुळे नाव लिहिण्याची अट ही शिक्षणाच्या कळकळीपोटी घातलेली असते, असे मला कोणी सांगू नये. ब्राझीलमध्ये १८८१ च्या कायद्याने निरक्षरांचा मताधिकार काढून घेतला, तो परत मिळायला १९८५ साल उजाडले. खेळाच्या मैदानावरची अट त्याच वहीतले एक पान होते.

बारा नावे खोडून सही केली असती तर वास्कोला मोठ्या क्लबांच्या पंक्तीत जागा होती. प्रेस्तेस यांनी ती नाकारली. क्लब जुन्या, आता पोकळ झालेल्या संघटनेत खेळला आणि १९२४ चे तिचे अजिंक्यपदही त्याने घेतले. गर्दी मात्र वास्कोबरोबर गेली होती, आणि गर्दीवाचून खेळाचे उत्पन्न नाही. १९२५ मध्ये नव्या संघटनेला वास्कोला घ्यावे लागले, त्याच्या खेळाडूंसह.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? पळवणकर बाळू हे चांभार समाजातले, देशातले पहिले मोठे गोलंदाज. पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाला त्यांनी सामने जिंकून दिले, पण संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. १९२० साली त्यांच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये, म्हणजे वास्कोच्या विजयाच्याच वर्षी, विठ्ठल मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. त्यांचे 'माझे क्रीडा-जीवन' मराठीतच आहे. आपल्या किती ग्रंथालयांत सापडेल ते पाहावे. फरक असा, की येथे नकार खेळाडूंना स्वतःलाच द्यावा लागला. जिमखाना त्यांच्यासाठी उठला नाही. आणि विठ्ठलसाठी टाळ्या पिटणारा गिरणीतला माणूस जिमखान्याचा सभासद नव्हता, होऊही शकत नव्हता.

वास्कोच्या गोष्टीचा उत्तरार्ध म्हणून मला पत्राहून अधिक मोलाचा वाटतो. तुम्हांला मैदान नाही, हा आक्षेप राहिलाच होता. क्लबने सांव क्रिस्तोवांव या कामगार भागात जमीन घेतली आणि दहा हजार नवे सभासद करण्याची मोहीम काढली. सरकारने पैसा दिला नाही. दुकानदारांनी दिला, आणि वर्गणीच्या रूपाने कारकून-कामगारांनीही दिला. ६ जून १९२६ रोजी पायाचा दगड बसला आणि २१ एप्रिल १९२७ रोजी 'सांव जानुआरिओ' मैदान उघडले. साडेदहा महिने! राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लुईस उद्घाटनाला हजर होते. पहिला सामना वास्को सांतोसकडून ३-५ असा हरला, पण त्या दिवशी ब्राझीलमध्ये याहून मोठे मैदान नव्हते. १९४० पर्यंत ते देशातले सर्वांत मोठे राहिले.

यानंतर नात्याचे रूप बदलले. पत्रापर्यंत क्लब देणारा होता आणि समर्थक घेणारा. विटांनी तो हिशेब फिरविला. ज्याने वर्गणीची पावती घरात जपून ठेवली त्याला 'तू आमचा प्रेक्षक' असे म्हणून भागत नाही. मैदान कामगारांचे, हे राज्यकर्त्यांनीही ओळखले. १ मे १९४० रोजी किमान वेतनाची घोषणा जेतुलिओ व्हार्गास यांनी येथेच केली. तो हुकूमशहा होता आणि मैदानाचा त्याने वापर करून घेतला, हे खरे. पण तुरुंगातून सुटलेल्या कम्युनिस्ट लुईस कार्लोस प्रेस्तेस यांची प्रचंड सभाही मे १९४५ मध्ये याच मैदानावर झाली.

पुढची कहाणी उजळ नाही. २००८ ते २०२० या काळात क्लब चार वेळा दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि कर्जात बुडाला. २०१९ च्या अखेरीस, क्लब कफल्लक असताना, सभासदवर्गणीत सवलतीची एक हाक निघाली आणि सभासदसंख्या दीड लाखाच्या पुढे गेली. सवलत होती म्हणून लोक आले, असे म्हणता येईल; पण बुडत्या दुकानात नुसत्या सवलतीसाठी एवढी माणसे शिरत नाहीत. तरीही २०२२ मध्ये फुटबॉलची कंपनी करून तिचे सत्तर टक्के भाग एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकले गेले. त्याला सभासदांच्याच मतदानाने मंजुरी दिली होती. मे २०२४ मध्ये न्यायालयाने त्या कंपनीचे नियंत्रण काढून घेतले. ज्यांच्या आजोबांनी विटा घातल्या त्यांनी कर्जापायी घर विकायला हात वर केला, याचा दोष त्यांना देणे मला जड जाते. कर्ज त्यांनी केलेले नव्हते.

मैदानाला लागून 'बारेइरा दो वास्को' ही झोपडपट्टी आहे. सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थ, शीतपेये, झेंडे विकून तिथली कितीतरी घरे चालतात. जून २०२३ मध्ये एका पराभवानंतर मैदानात दंगा झाला आणि मैदान प्रेक्षकांना बंद झाले. दंग्याची शिक्षा समजू शकते. परंतु न्यायाधीशाच्या अहवालात मैदान धोक्याचे असण्याचे एक कारण म्हणून शेजारची वस्ती दाखविली होती. शंभर वर्षांपूर्वी मैदान नाही म्हणून क्लब नको होता. आता मैदान आहे, तर शेजार नको. या वेळी क्लबने आणि वस्तीने मिळून निषेध केला. गोरगरिबांच्या वस्तीवर ठपका ठेवून आमचे दार उघडू नका, असा क्लबचा पवित्रा होता. उन्हाळी सामन्यांच्या कचेरीखाली उभी राहणारी माझी वस्ती मला तेव्हा आठवली.

सप्टेंबर २०२३ मध्ये करार होऊन फाटके उघडली, आणि बारेइराच्या गल्ल्यांतून माणसे पुन्हा मैदानात गेली.