‘बर्फ नको’ : मुंबईच्या थंड-गोड ग्लासचा इतिहास आणि तुमची शुगर

“डॉक्टर, बाहेरचं पाणी आम्ही कधीच पीत नाही. ज्यूस घेतला तरी आधीच सांगतो, बर्फ नको.”

उन्हाळ्यात हे वाक्य मी दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकतो. सांगणाऱ्याच्या हातात लॅबचा रिपोर्ट असतो आणि त्यावर जेवणानंतरची शुगर २६० वगैरे असते. बर्फाची काळजी घेतलेली असते, साखरेची राहून गेलेली असते. पण मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ‘बर्फ नको’ ही सवय मुंबईला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून लागली आहे आणि त्यामागे खरे कारण आहे. साखरेच्या बाबतीत तसा अनुभव जमा व्हायला या शहराला वेळच मिळालेला नाही. म्हणून आज गोळ्या-इन्शुलिनबद्दल न लिहिता मुंबईच्या शरबत, फालुदा, सोडा आणि ज्यूसच्या दुकानांची गोष्ट सांगतो. घरात कुणाला मधुमेह असेल तर शेवटपर्यंत वाचा. हिशेब मागे ठेवला आहे.

बोटीतून आलेला बर्फ

मुंबईत बर्फ पडत नाही आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तो बनवताही येत नव्हता. तो यायचा अमेरिकेतून! बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तिथली थंडीत गोठलेली तळी कापून त्या लाद्या भुशात गुंडाळून बोटीने जगभर विकायचा धंदा उभा केला होता. १८३३ मध्ये त्याचा पहिला माल कलकत्त्याला पोहोचला. निघताना १८० टन होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ आला आणि काही वर्षांनी तो साठवायला फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चजवळ घुमटाचे बर्फघर उभे राहिले. मद्रासचे तसेच ‘आइस हाऊस’ आजही विवेकानंदांच्या नावाने उभे आहे. मुंबईचे मात्र पाडले गेले.

त्या पहिल्या वर्षातला एक किस्सा मुंबईच्या जुन्या इतिहासांत सापडतो. जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. दुसऱ्या दिवशी यजमानांना आणि पाहुण्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने सुनावले की असले परदेशी पदार्थ खाल्ल्याची ही योग्य शिक्षा आहे. हेच ते जमशेटजी, ज्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. हॉस्पिटल सुरू झाले.

आता एक डॉक्टर म्हणून सांगतो, ‘समाचार’चे निदान चुकले होते. सर्दी विषाणूंमुळे होते. ते एकाच्या शिंकेतून, हातांतून दुसऱ्याकडे जातात. एका टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना एकदम सर्दी झाली, तर संशय आइस्क्रीमवर नाही, शेजारच्या पाहुण्यावर घ्यायला हवा. थंड पदार्थाने दुखरा घसा आणखी दुखू शकतो, काहींना खोकल्याची उबळ येते, एवढे खरे. ‘आइस्क्रीम खाल्लं म्हणून ताप आला’ हे आजही मला आठवड्यातून दोनदा ऐकवले जाते, म्हणजे ते निदान अजून जिवंत आहे.

भीती खरी कशाची होती?

बर्फाची नव्हे, पाण्याची. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने येईपर्यंत मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. त्या पाण्यातून पटकी यायची, विषमज्वर यायचा, नारू व्हायचा. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी आले. यंत्राने बर्फ तयार करणारे कारखाने आल्यावर अमेरिकेचा बर्फ बंद झाला आणि बर्फ स्वस्त झाला. स्वस्त झाला तसा तो रस्त्यावर आला. बर्फगोळा, कुल्फीची मटकी, रसवंतीतली लादी ही सगळी त्याचीच पिल्ले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पाणी गोठले की जंतू मरतात, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे (हिपॅटायटिस ‘ए’ व ‘ई’) विषाणू बर्फात तग धरतात आणि तुमच्या ग्लासात वितळले की पुन्हा कामाला लागतात. शिवाय बाजारातला सगळा बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी आणि माल टिकवण्यासाठीचाही असतो. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंगवण्याची सक्ती केली. ग्लासात कधी निळसर बर्फ दिसला, तर तो ग्लास तिथेच ठेवून द्या. तेव्हा ‘बर्फ नको’ हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे, ते सोडू नका.

अशा शहरात सोडावॉटरला मान मिळाला, यात नवल नाही. बाटलीत बंद, वायूचा दाब असलेले पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा निर्धोक मानले जाई. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले आणि आपला गोटी सोडा जन्माला आला. मुंबईत पालनजी (१८६५) आणि ड्यूक्स (१८८९) या पारशी घराण्यांच्या सोड्याला नंतर चव आली: रासबेरी, जिंजर, लेमोनेड, पुढे मँगोला. पाण्याच्या भीतीवर काढलेल्या उपायात हळूहळू साखर विरघळत गेली, ती अशी.

फालुद्याचे स्थलांतर

मला स्वतःला या सगळ्या इतिहासात फालुदा सर्वांत आवडतो (खायलाही). मूळ इराणी फालुदे म्हणजे पिठाच्या बारीक शेवया, अर्धवट गोठवलेला साखरेचा पाक, गुलाबपाणी आणि वर लिंबू. त्यात दूध नाही. भारतात आल्यावर त्याचे रूप बदलले. दूध आले, सबजा आला, गुलाबाचे लालभडक सरबत आले आणि बर्फाच्या धंद्यानंतर वर आइस्क्रीमचा गोळा बसला. पारशी घरांत २१ मार्चच्या जमशेदी नवरोजला फालुदा आजही हवाच. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहचे नाव १९०५ पासून त्याच्याशी जोडलेले आहे. खरेदी झाली की हातातल्या पिशव्या सांभाळत तिथे एक ग्लास, हा कित्येक कुटुंबांचा नेम होता. पण तो नेम कशाचा, ते लक्षात घ्या: लग्नाच्या बस्त्याचा, दिवाळीच्या खरेदीचा. वर्षातून दोन-चार वेळांचा.

मराठी मुंबईचेही तसेच. गिरगाव-दादरच्या उपाहारगृहांतले पियूष, म्हणजे श्रीखंड आणि ताकाचा तो दाटसर पेला, थालीपीठ किंवा साबुदाणावड्याबरोबर कधीतरी घ्यायचा. चर्चगेटच्या के. रुस्तमकडे १९५३ पासून दोन पातळ बिस्किटांत आइस्क्रीमची वडी मिळते. रसवंतीत घुंगरांचा आवाज ऐकत ‘हाफ’ सांगायचा. ‘फुल’ म्हणजे चैन.

ही चैन मर्यादित ठेवायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. साखर रेशनकार्डावर मोजून मिळायची. घरात ती वरच्या फडताळात असायची आणि पाहुणा आला की चहात एक चमचा जास्त पडायचा. आपल्याच राज्यात १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्यानंतर कारखाने वाढत गेले. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे मोठेच काम झाले. त्याबरोबर साखर स्वस्त आणि मुबलकही झाली.

दुसरी मर्यादा होती काचेच्या बाटलीची. १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेली, थम्स अप आले. गोल्ड स्पॉट आणि मँगोला होतेच. तुम्ही त्या काळातले असाल तर आठवेल. बाटली दुकानातच उभे राहून प्यायची, कारण ती परत द्यायची असे. घरी न्यायची तर डिपॉझिट. लहान बाटली २०० मिलीची, दोघा भावंडांत दोन स्ट्रॉ. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली, प्लास्टिकची बाटली रुळली आणि पेय फ्रिजमध्ये राहायला आले. माझ्या मते मुंबईच्या गोड ग्लासच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच आहे. चव तीच राहिली. दुकानापर्यंत चालत जाणे, उभे राहून पिणे आणि बाटली परत देणे, हे तीन अडथळे नाहीसे झाले.

आता हिशेब

नेहमीच्या कोलामध्ये १०० मिलीला सुमारे १०.६ ग्रॅम साखर असते. म्हणजे जुन्या २०० मिलीच्या बाटलीत २१ ग्रॅम, साधारण चार चमचे. ६०० मिलीच्या बाटलीत ६४ ग्रॅम, जवळजवळ तेरा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा की वरून घातलेली साखर, मध, सरबत आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला ती ५० ग्रॅम होते आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर आणखी चांगले. एका बाटलीत तो दिवस संपला.

उसाचा रस? त्यात साधारण १२ ते १५ टक्के साखर. २५० मिलीचा ग्लास म्हणजे ३० ग्रॅमच्या पुढे. फालुद्याचा माझा ढोबळ हिशेब असा: गुलाबाचे सरबत ३० मिली (सुमारे २५ ग्रॅम), आइस्क्रीमचा गोळा (१२ ग्रॅम), दुधात घातलेली साखर (१० ग्रॅम), शिवाय शेवयांचे पीठ आणि दुधातली स्वतःची साखर वेगळी. दुकानागणिक हे बदलेल. “पण त्यात सबजा असतो ना, तो थंड आणि शुगरला चांगला.” हो, सबजाला चोथा आहे. एक चमचा सबजा पन्नास ग्रॅम साखरेला आवरू शकत नाही.

आणि ज्यूस. ‘कोल्ड्रिंक आम्ही बंदच केलंय, आता फक्त ताज्या फळांचा रस’ असे सांगणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण ते निर्धास्त असतात. एका ग्लाससाठी तीन-चार संत्री किंवा मोसंबी लागतात. तेवढी सोलून खायला बसलात तर दुसऱ्या फळावर पोट भरेल. रस दोन मिनिटांत संपतो, चोथा गाळणीत राहतो, साखर आतड्यात झटपट शोषली जाते आणि पोट भरल्याची जाणीव होत नाही. त्यातला फ्रुक्टोज हा भाग मुख्यतः यकृतात जातो. तो सतत जास्त प्रमाणात येत राहिला तर यकृत त्याची चरबी करते. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. आख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंदे, ब्लूबेरी, जास्त खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह कमी आढळला आणि रस जास्त पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. अशा पाहणीतून कारण पक्के सिद्ध होत नाही, पण शरीरात जे घडते त्याच्याशी हे जुळते.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळा दोष ग्लासचा नाही. बैठे काम, वजन, आनुवंशिकता, भात-पोळीचे प्रमाण हेही आहे. पण जेवण बदलायला माझ्या रुग्णांना सहा महिने लागतात. ग्लास बदलायला एक दिवस पुरतो, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये फरक दिसतो, म्हणून मी तिथून सुरुवात करतो.

मग क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर? फालुदा घ्या, पण चौघांत एक किंवा दोन, सरबत अर्धे घालायला सांगा आणि त्या दिवशीच्या जेवणातला भात सोडा. रोजच्या तहानेला पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचे कोकम किंवा मीठ-लिंबू. जुलाब झाल्यावर मुलांना कोल्ड्रिंक किंवा ज्यूस देऊ नका. ओआरएसच्या एका लिटरात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, कोलाच्या एका लिटरात १०६ ग्रॅम साखर. तेवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते.

एका प्रसंगी मात्र हाच गोड ग्लास औषध आहे. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळ झाला आणि शुगर ७० च्या खाली असली, तर १५ ग्रॅम साखर लगेच द्यायची: तीन चमचे साखर पाण्यात, किंवा साधारण १५० मिली नेहमीचे कोल्ड्रिंक. १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा आणि कमीच असेल तर तेवढेच पुन्हा द्या. ‘डाएट’ लिहिलेली बाटली इथे कामाची नाही, त्यात साखरच नसते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखरही लवकर पचत नाही. अशांनी ग्लुकोज पावडरचा पुडा जवळ ठेवावा. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.