बर्फाचा राजवाडा आणि क्षयाचे गाव

सार्वजनिक उत्सवांचा इतिहास लिहिताना तो कोणी सुरू केला, केव्हा केला आणि त्यात काय काय होत असे, एवढ्यावर आपण बहुधा थांबतो. त्या उत्सवाच्या मांडवात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती, हा प्रश्न मागे राहून जातो. खरे तर समाजाची पारख तेथेच होते. या दृष्टीने अमेरिकेतील एका लहानशा तळ्याकाठच्या गावाचा हिवाळी उत्सव आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो. गावाचे नाव सॅरनॅक लेक. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगराळ, अरण्यमय प्रदेशात ते वसले आहे. वस्ती आज जेमतेम पाच हजार. तेथे १८९७ साली ‘विंटर कार्निव्हल’ सुरू झाला. मधल्या काळात काही वर्षे तो झाला नाही, पण परंपरा टिकली. आजही फेब्रुवारीच्या आरंभी दहा दिवस तो चालतो. मिरवणूक निघते, बर्फावरचे खेळ होतात, लोकसेवेबद्दल गावकऱ्यांतूनच राजा-राणी निवडून त्यांना मुकुट घातले जातात, शोभेचे दारूकाम होते. आणि या सर्वांच्या मध्यभागी, तळ्याच्या काठी, बर्फाच्या चिऱ्यांनी बांधलेला राजवाडा उभा असतो.

हे वर्णन एखाद्या पर्यटनपुस्तिकेत शोभण्यासारखे आहे. पण या गावाची खरी ओळख निराळी आहे. सॅरनॅक लेक हे क्षयरोग्यांचे गाव होते.

एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो हा न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर. १८६५ साली त्याने आपल्या क्षयग्रस्त थोरल्या भावाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली होती. पुढे १८७३ साली त्याला स्वतःलाच हा रोग जडल्याचे निदान झाले. त्या काळी या निदानाचा अर्थ एकच होता. आयुष्याचे उरलेले दिवस आवडत्या रानात काढावेत म्हणून तो अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये आला, आणि मरण्याऐवजी सुधारू लागला. १८७६ मध्ये त्याने सॅरनॅक लेक येथे बिऱ्हाड केले. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास उघड्या हवेच्या उपचारांविषयी युरोपात चाललेल्या प्रयोगांची माहिती ट्रूडोच्या वाचनात आली. १८८४ साली त्याने अल्प उत्पन्नाच्या रोग्यांसाठी आरोग्यधामाची स्थापना केली. त्याच्या पहिल्या, ‘लिटल रेड’ नावाच्या छोट्या लाल घरकुलात ज्या पहिल्या रोगी आल्या, त्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी होत्या.

या उपचाराचे तत्त्व आज विचित्र वाटेल. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा. हवा थंड असली तर अधिकच उत्तम. पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरलेला असताना कातडी पांघरुणे आणि लोकरीची घोंगडी अंगावर घेऊन रोगी तासन् तास उघड्या सज्ज्यात आरामखुर्चीवर पडून राहत. आरोग्यधामात जागा नसे म्हणून, किंवा रोग पुढच्या अवस्थेला गेल्यामुळे तेथे प्रवेश मिळत नसे म्हणून, पुष्कळ जण गावातल्या घरांत राहत. गावकऱ्यांनी आपल्या घरांना काचेच्या तावदानांचे सज्जे जोडून घेतले आणि खोल्या भाड्याने दिल्या. बरे झालेले अनेक जण तेथेच स्थायिक झाले. ट्रूडोचा सहकारी डॉ. एडवर्ड बाल्डविन हा मूळचा रोगीच. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८७-८८ चा हिवाळा येथेच, ट्रूडोच्या देखरेखीखाली काढला. अशा गावात रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये रेघ ओढणे कठीणच होते. कारण दुकानदार, डॉक्टर आणि घरमालक यांतला कोण कधी रोगी होता किंवा पुढे होणार होता, हे सांगता येत नसे.

१८९६ च्या नोव्हेंबरात गावात ‘पाँटिअ‍ॅक क्लब’ स्थापन झाला. मैदानी खेळांना उत्तेजन देणे हा त्याचा हेतू. क्लबने पुढल्याच हिवाळ्यात, १८९७ मध्ये, एक दिवसाचा उत्सव भरवला, आणि १८९८ मध्ये पहिला बर्फमहाल उभा राहिला. कल्पना नवी नव्हती. कॅनडातील माँट्रिऑल शहराने १८८३ सालीच हिवाळी उत्सवासाठी बर्फाचा राजवाडा बांधला होता. पण १८८५ मध्ये त्या शहरात देवीची भयंकर साथ आली, हजारो माणसे दगावली आणि १८८६ चा उत्सव रद्द करावा लागला. तेव्हा माँट्रिऑलच्या वास्तुतज्ज्ञांना मिनेसोटातील सेंट पॉल शहराने बोलावून घेतले आणि त्या वर्षीचा राजवाडा तेथे उभा राहिला. ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगत आहोत. माँट्रिऑलमध्ये रोग आला आणि उत्सव बंद पडला. सॅरनॅक लेकमध्ये रोग वस्तीलाच होता आणि त्याच्या शेजारी उत्सव सुरू झाला. देवीची साथ येते आणि जाते. ती ओसरेपर्यंत उत्सव थांबवता येतो. क्षय मात्र वर्षानुवर्षे घरात राहतो. तो जाईपर्यंत थांबायचे म्हटले असते, तर सॅरनॅक लेकच्या दोन पिढ्यांना हसण्याची परवानगीच मिळाली नसती.

येथे एक आक्षेप संभवतो. गावाचा चरितार्थच रोग्यांवर चालत होता, तेव्हा हा उत्सव म्हणजे गिऱ्हाईक राखण्याची युक्ती नव्हती कशावरून? आक्षेपात तथ्य आहे. शिवाय कडक विश्रांतीवर असलेल्या रोग्याला बर्फावर घसरण्याचे खेळ खेळता येत नव्हते, हेही उघड आहे. त्याच्या वाट्याला पाहणेच आले असणार. पण व्यापारी हेतू मान्य करूनही एक गोष्ट उरते. गिऱ्हाईक राखण्याचा दुसरा मार्गही त्या काळी उपलब्ध होता, आणि तो सुमारे पंधरा किलोमीटरवरच चोखाळला जात होता.

शेजारच्या लेक प्लॅसिड या गावात १८९५ साली मेल्विल ड्यूई यांनी ‘लेक प्लॅसिड क्लब’ स्थापन केला. आमच्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ज्या दशांश पद्धतीने पुस्तके लावलेली असतात, त्या पद्धतीचे जनक हेच. १९०४-०५ च्या हिवाळ्यात त्यांनी क्लब प्रथमच हिवाळ्यातही खुला ठेवला आणि त्या भागातील हिवाळी क्रीडांचे केंद्र तेथे तयार झाले. १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिंपिके लेक प्लॅसिडला झाली, त्याचे मूळ येथे आहे. मात्र या क्लबच्या नियमांनुसार क्षयरोग्यांना प्रवेश नव्हता आणि ज्यूंनाही नव्हता. ज्यूंना वगळण्याच्या या धोरणावरून १९०५ साली मोठा गदारोळ झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा ड्यूई यांना राजीनामा द्यावा लागला. क्लबची रीत मात्र पुढेही चालू राहिली. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या एका पदकावरून ड्यूई यांचे नाव काढले, त्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक होते. ज्ञानाच्या प्रत्येक शाखेला क्रमांक देऊन जागा देणाऱ्या माणसाला काही माणसांना मात्र जागा देता आली नाही.

हिवाळा तोच, बर्फ तोच, डोंगरही तेच. पण एका तळ्याकाठी करमणुकीला फाटक होते आणि दुसऱ्या तळ्याकाठी ते बसवणे शक्यच नव्हते. सॅरनॅक लेकच्या लोकांना आम्ही संत ठरवू इच्छीत नाही. रोगी बाजूला काढले असते तर उत्सवाला गावच उरले नसते, एवढेच ते कारण असेल. परंतु मोठ्या मनाने माणसे एकत्र येतात त्याहून अधिक वेळा ती गरजेने एकत्र येतात, आणि त्यातून घडलेले सहजीवन कमी अस्सल नसते.

त्या बर्फमहालाची रचनाही पाहण्यासारखी आहे. जानेवारीत ‘लेक फ्लॉवर’ या तळ्याचा पृष्ठभाग पुरेसा जाड गोठला, की त्यावर आखणी करून करवतीने चिरे कापतात. हे तळेही निसर्गनिर्मित नव्हे. गिरणीसाठी नदीला घातलेल्या बांधामुळे ते तयार झाले. कापलेले चिरे पाण्यातून तरंगत काठाशी आणतात. एकेका चिऱ्याचे वजन शेकडो पौंड. ते एकमेकांवर रचून सांध्यांत पाणी मिसळलेला भुसभुशीत बर्फ भरतात. तो गोठला की चुन्याचे काम करतो. हे सारे श्रम गावातले स्वयंसेवक करतात. यंत्राने बर्फ तयार होऊ लागण्यापूर्वी तळ्यांतला बर्फ कापून साठवणे हा त्या प्रदेशातला नेहमीचा धंदा होता. अमेरिकेतल्या तळ्यांचा असाच बर्फ १८३० च्या दशकात जहाजांतून कलकत्त्याला आणि मुंबईलाही येत असे. धंदा गेला, हातांतले कसब मात्र उत्सवाने जपले. थंडी सरली की राजवाडा वितळू लागतो आणि त्याचे पाणी ज्या तळ्यातून आले त्याच तळ्यात परत जाते. आपल्याकडच्या मातीच्या गणपतीची आठवण येथे कोणाही मराठी माणसाला व्हावी.

या गावाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. १९२६-२७ साली ट्रूडोच्या आरोग्यधामात नॉर्मन बेथ्यून नावाचा कॅनेडियन शल्यविशारद रोगी म्हणून होता. छातीच्या पोकळीत हवा भरून फुप्फुसाला विश्रांती देण्याचा, त्या काळी धोक्याचा मानला जाणारा उपचार त्याने हट्टाने स्वतःवर करवून घेतला आणि तो बरा झाला. श्रीमंताचा क्षय आणि गरिबाचा क्षय हे दोन निराळे रोग आहेत, असे तो पुढे मांडू लागला. याच माणसाने चीनमधील युद्धक्षेत्रात जखमींची सेवा करताना १९३९ मध्ये देह ठेवला. त्याच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाची धुरा १९४१ साली ज्याच्याकडे आली, तो आमच्या सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस. डॉ. कोटणीसही १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. सॅरनॅक लेकच्या सज्ज्यातला रोगी आणि सोलापूरचा डॉक्टर यांची भेट कधी झाली नाही. वारसा मात्र एकाकडून दुसऱ्याकडे गेला.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. औषधांनी क्षय बरा होऊ लागल्यावर थंड हवेची गरज उरली नाही आणि १९५४ मध्ये ट्रूडोचे आरोग्यधाम बंद झाले. ज्या दुःखाच्या शेजारी उत्सव सुरू झाला होता ते दुःख गेले, आणि त्याबरोबर गावाचा चरितार्थही गेला. उत्सव मात्र राहिला. डॉ. ट्रूडोचा पणतू, व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो, १९८१ पासून या उत्सवाचे बिल्ले चितारीत आला आहे. घरांचे ते काचेचे सज्जेही गावात जागोजागी दिसतात.

आपल्याकडे स्थिती अजून तशी नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आज भारतात आहेत. औषध उपलब्ध आहे, रोग बरा होतो, तरीही तो लपवला जातो. लग्न जुळवताना, नोकरी मागताना, शेजारी बोलताना त्याचे नाव घेतले जात नाही. घरातल्या आजारी माणसाला सणावारी आतल्या खोलीत बसवण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही. हिवाळा आपल्याकडेही जत्रांचा आणि उरुसांचा ऋतू आहे. त्यांच्या इतिहासात देव कोणता, मानकरी कोण आणि वर्गणी किती, हे पुष्कळदा नोंदलेले सापडते. आतल्या खोलीत कोण बसले होते, याची नोंद सापडत नाही. ती करणे हे इतिहासकाराचे काम आहे. त्या खोलीचे दार उघडणे हे मात्र आपणां सर्वांचे.