सेंट पीटर्सबर्ग विरोधाभास

संभाव्यतेचे गणित आणि मनुष्याची प्रत्यक्ष निवड यांतील तफावत उघड करणारे कोडे. निकोलास बेर्नुली यांनी ते १७१३ मध्ये उपस्थित केले. त्याच्या रूढ रूपात, छाप पडेपर्यंत नाणे उडवितात. पहिल्याच खेपेस छाप पडल्यास १ डुकाट, दुसऱ्या खेपेस २, तिसऱ्या खेपेस ४, याप्रमाणे बक्षीस दुप्पट होत जाते. प्रत्येक खेपेचा अपेक्षित लाभ अर्धा डुकाट येत असल्याने एकूण अपेक्षित लाभ अनंत ठरतो; तथापि या खेळासाठी कोणीही शहाणा माणूस मोठी रक्कम देत नाही. संपत्ती वाढते तसतशी प्रत्येक नव्या डुकाटाची उपयोगिता घटते. म्हणून रकमेची नव्हे, तर उपयोगितेची सरासरी पाहावी, अशी उकल डॅनिएल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडली. जॉन फोन नॉयमान व ओस्कार मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये अपेक्षित उपयोगितेला गृहीतकांची बैठक दिली. परंतु विचारी माणसेही ती गृहीतके मोडतात, असे मॉरिस आले यांनी १९५३ मध्ये निदर्शनास आणले. डॅनिएल कानेमान व एमॉस ट्व्हर्स्की यांच्या उपपत्तीनुसार (१९७९) मनुष्य एकूण संपत्तीपेक्षा चालू स्थितीपासूनचा लाभ वा हानी पाहतो आणि तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानी त्याला अधिक बोचते. त्यामुळे निर्णय कसा घ्यावा आणि तो प्रत्यक्षात कसा घेतला जातो, हे दोन प्रश्न वेगळे झाले.